३ मिलिमीटर आणि १९ दिवस

पीसीच्या प्रोसेसरला थंड ठेवणारा कूलर बदलायचा नाही हे मी नवा मदरबोर्ड घेण्याआधीच ठरवलं होतं. चार हीटपाइपचा, १२० मिमी फॅनचा तो टॉवर इंटेलच्या आय५-८४०० प्रोसेसरवर वर्षानुवर्षं निमूट बसून होता. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि तांब्याच्या नळ्या, त्यात बिघडणार काय? नव्या आय५-१२६००के प्रोसेसरच्या खोक्यात कूलर येतच नाही. म्हटलं, बरंच झालं, आपला आहे.

जुना बोर्ड काढला, नवा लावला, रॅम बसवली. मग कूलरची बॅकप्लेट, म्हणजे ज्या प्लेटमध्ये त्याचे स्क्रू बसतात ती, बोर्डाच्या मागून धरली, एका कोपऱ्यात स्क्रू घातला, आणि समोरचा कोपरा काही केल्या जुळेना. प्लेट फिरवली, उलटी केली, लाइट जवळ घेतला. शेवटी फूटपट्टी काढली. जुन्या बोर्डावर दोन छिद्रांत ७५ मिमी, नव्यावर ७८. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. २००९ च्या एलजीए ११५६ पासून एलजीए १२०० पर्यंत इंटेलनं या सॉकेटांचं हे माप हलवलं नव्हतं. २०२१ मध्ये एलजीए १७०० आलं आणि नेमकं तेच बदललं. काही बोर्डांवर दोन्ही मापांची छिद्रं दिलेली असतात. माझ्यावर नव्हती.

कानस घेऊन प्लेटची छिद्रं वाढवायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसर आधीपेक्षा किंचित खाली बसतो. बाजूचं माप जुळवलं तरी वरून दाब नीट येईल याची खात्री नाही.

कूलरच्या कंपनीनं नव्या सॉकेटवर कूलर बसवायचं किट फुकट देऊ असं जाहीर केलेलं. फॉर्म भरला. बिल हवं. बिल थर्मल पेपरवरचं, म्हणजे आता कोरा कागद. कूलरचा आणि बोर्डाचा फोटो पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर: 'आपला कूलर योग्य किटसह नव्या सॉकेटवर चालेल. किटसाठी कृपया फॉर्म भरा.' अहो, भरलाय! पुन्हा भरला. पुन्हा बिल. शेवटी बँकेच्या जुन्या स्टेटमेंटमधली ती एक ओळ शोधून पाठवली, ती चालली. मग 'लवकरच रवाना होईल' या वाक्यावर आठवडाभर. तोवर नवाकोरा पीसी टेबलावर उघडा, आणि मी फोनवर कामं उरकतोय. म्हणून सांगतो, बोर्ड घ्यायच्या आधी किट मागवा, आणि बिलाचा फोटो आजच काढून ठेवा.

एकोणिसाव्या दिवशी पाकीट आलं. एक बॅकप्लेट, दोन पट्ट्या, चार स्क्रू. पंधरा मिनिटांत काम झालं.

हो, एक राहिलंच. जुना कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवा. सरळ वर ओढू नका. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर एका मित्राच्या हातात कूलरला चिकटलेला प्रोसेसर पिनांसकट आला होता. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण पुसून नवीनच लावा. वाळलेल्या पेस्टवर काटकसर नको.

फॅन मात्र घरघरायला लागला होता, तो बदलला. १२० मिमीचा कुठलाही चार पिनांचा बसतो. दीर्घ रेंडरला तापमान ८० च्या आसपास राहतं, प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. १५० वॅट खाणाऱ्या प्रोसेसरवर हा म्हातारा एवढं करतोय, मला पुरे.