हरतालिकेचं डोकं

आत्याची जोडवी निघेनात. तिच्या मानेचा एमआरआय काढायला मिरजेत गेलो होतो. दुपारची वेळ, बाहेरच्या बाकांवर निम्मं कर्नाटक बसलेलं. आतला मुलगा म्हणाला, "मावशी, अंगावर धातूचं काही ठेवू नका." कुड्या निघाल्या, मंगळसूत्र निघून माझ्या खिशात आलं, बांगड्या साबणावर उतरल्या. जोडवी मात्र बोटांत रुतून बसलेली. "लग्नात घातली, आता माझ्याबरोबरच जायची ती," असं आत्यानं जाहीर करून टाकलं. मुलगा शहाणा होता. त्यानं बोटाला दोरा गुंडाळून ती अलगद सोडवली.

आत्या आत गेली, यंत्राची ठकठक सुरू झाली आणि मी समोरच्या टपरीवर हाफ सांगितला. चारच्या सुमाराचा चहा मला लागतोच. तो मिळेपर्यंत माझ्याशी कुणी व्यवहाराचं बोलू नये, असा घरात अलिखित नियम आहे.

मंगळसूत्र खिशात चाचपडताना वाटलं, एवढं सगळं उतरवून ठेवलं तरी रक्तातलं लोखंड घेऊनच माणूस त्या चुंबकाच्या नळकांड्यात शिरतो. सगळ्या अंगात मिळून तीन-चार ग्रॅम, पण त्याचा स्वभाव मोठा मजेशीर. ऑक्सिजन धरलेलं रक्त चुंबकापासून जरा फटकून राहतं. ऑक्सिजन सोडला की तेच रक्त चुंबकाकडे किंचित ओढ घेतं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी हे १९३६ साली दाखवलं. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सेइजी ओगावांनी उंदरांच्या मेंदूच्या चित्रांत याच स्वभावाचा उपयोग केला. ऑक्सिजन देऊन परतणारं रक्त आपल्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र थोडं बिघडवतं, म्हणून चित्रात शिरा काळ्या उमटतात. रक्तातला ऑक्सिजन जितका कमी, तितकी शीर काळी.

यात चहा-कॉफी कुठून आली? तर संशोधकांनी माणसांना कॅफीन दिलं आणि आधीची व नंतरची चित्रं शेजारी ठेवली. नंतरच्या चित्रांत मेंदूतल्या शिरा जास्त काळ्या. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य असतं. ते रक्तवाहिन्या सैल ठेवतं आणि माणसाला पेंगही आणतं. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. पेंग जाते, वाहिन्या आवळतात, आणि दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेलं तर मेंदूकडचा रक्तप्रवाह साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटतो. मेंदूची भूक मात्र तेवढी घटत नाही. वजनानं शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा खाणारा गडी तो. आपल्याकडे म्हैसाळ योजनेच्या कालव्याला पाण्याची पाळी आली की जे होतं, तेच इथं. वरून पाणी कमी सुटलं तरी पिकं प्यायची तेवढी पितात, आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, कोरडा पाट पाहत शेतकरी शिव्या देत बसतो. मेंदूतल्या शिरा म्हणजे टेल.

टपरीवरचा हाफ म्हणजे काही दोनशे मिलिग्रॅम नव्हे, चहाच्या कपात ३०-५० असतं. पण आमच्या घरातले कप मोजायला बसलं तर हिशेब वाढत जातो. आणि रोज पिणाऱ्यांच्या बाबतीत मेंदूही हुशार. अडवलेल्या जागा पाहून तो अ‍ॅडेनोसिनसाठी नव्या जागा तयार करतो. मग एखाद्या दिवशी चहा चुकला की इतके दिवस आवळलेल्या वाहिन्या एकदम सैल सुटतात, रक्त धो धो येतं आणि डोकं ठणकायला लागतं. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत.

ते १२ ते २४ तास वाचले तेव्हा मला सांगलीच्या गावभागातलं आमचं जुनं घर दिसलं. भाद्रपदातली तृतीया. देवळात चतुर्थीच्या आधीच गुपचूप बसणारा चोर गणपती बसलेला, दुसऱ्या दिवशी आमचा घरचा यायचा, त्यामुळं माजघरात मखराचा पसारा. आम्ही पोरं घाटावरून पिंडीसाठी वाळू आणि कुणाकुणाच्या परसातून पत्री आणायचो. आईची हरतालिका निर्जळी. आदल्या संध्याकाळी शेवटचा चहा. दुसऱ्या दिवशी दुपार झाली की ती कपाळावर सुंठेचा लेप लावून, वरून पंचा करकचून बांधून भिंतीला टेकायची. पंचा का बांधायची, ते आज जरा कळतं. तेव्हा कुणी म्हणायचं पित्त, कुणी म्हणायचं ऊन बाधलं. आजी म्हणायची, उपासाचं तेज आहे ते.

पण टेकायला मिळायचं किती? मखराला हातभार लावायला काका यायचे, शेजारचे यायचे, आणि आलेल्या प्रत्येकाला चहा. आधण तीच ठेवायची. पातेल्यावर झाकण घालायच्या आधी क्षणभर वाफेवर वाकायची. म्हणायची, "वासानंही जरा बरं वाटतं." आम्ही हसायचो. वडीलही एकादशी-चतुर्थी सगळं करायचे, पण त्यांच्या उपासाला चहा चालायचा. तसं कुठल्या पोथीत लिहिलंय हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि आईचं कुठं लिहिलंय हेही नाही.

पुढे वहिनी घरात आली. पहिल्या हरतालिकेला सकाळी सकाळी घाबरत आईपाशी गेली आणि म्हणाली, "आई, मला चहाशिवाय होत नाही हो. काय करू?"

आई पिंडीची वाळू चाळत होती. म्हणाली, "घे की. मीही घेतला असता. मला कुणी घे म्हटलंच नाही."

मग म्हणाली, "आलं घाल थोडं. आणि दोन कप टाक."