नाक्सोसला २१ दिवस, आईला घेऊन

ग्रीसच्या नाक्सोस बेटावर जाताना पहिली फजिती बोटीवरच झाली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अथेन्सच्या विमानतळावरून पिरेयस बंदरापर्यंत निळी मेट्रो थेट जाते. तासभर लागतो, तिकीट ९ युरो. बंदर प्रचंड आहे. दरवाज्यांना ई-१, ई-२ असे नंबर आहेत आणि नाक्सोसकडच्या बोटी बहुधा मेट्रोसमोरच्या ई-६, ई-७ च्या आसपास लागतात. तरी तिकिटावर बघून घ्या, कारण दरवाजा चुकला तर बॅगा ओढत उन्हात चालायचं. बोट मागून उघडते, आत ट्रक, गाड्या आणि माणसं एकदमच शिरतात. खालच्या मजल्यावर सामानासाठी लोखंडी मांडण्या असतात, प्रत्येकीवर बेटाचं नाव. आमच्या लेकीने लाल बॅग ज्या मांडणीवर टाकली ती पारोसची निघाली. पाट्या ग्रीक लिपीत, पण पहिलंच अक्षर गणितातला पाय (π) होता आणि ती दहावीत आहे! पारोसच्या धक्क्यावर आम्ही वरून गंमत बघत उभ्या, तर खाली कुणीतरी आपलं सामान काढताना आमची बॅग ओढून थेट फळीच्या तोंडाशी ठेवलेली. लेक तीन जिने धावत उतरली आणि बॅग वाचली. त्यात गोडा मसाला, मेतकूट आणि आईच्या गोळ्या होत्या. तेव्हा गोळ्या, पासपोर्ट, पैसे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. आणि आपलं बेट यायच्या पंधरा मिनिटं आधी खाली गाड्यांच्या मजल्यावर येऊन उभे राहा. बोट धक्क्याला पाचदहा मिनिटंच थांबते. सॅंटोरिनीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथलं नाव ‘थिरा’ असं लिहिलेलं असतं.

आम्ही तिघी गेलो होतो. मी, लेक आणि माझी ७१ वर्षांची आई. २०२४ च्या २८ जुलैपासून १७ ऑगस्टपर्यंत एकाच बेटावर. ओळखीच्या सगळ्यांनी वेड्यात काढलं. आठ दिवसांत मिकोनोस, पारोस, सॅंटोरिनी, क्रीट असे कार्यक्रम लोक करतात, फोटोही छान येतात. पण त्यातला निम्मा वेळ बंदरावर जातो हे कुणी सांगत नाही. मला आईला घेऊन धावायचं नव्हतं. नाक्सोस हे सायक्लेड्स या ग्रीक बेटसमूहातलं सगळ्यात मोठं बेट, साधारण ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास बृहन्मुंबईएवढं. माणसं मात्र वीस हजारांच्या आसपास. डोंगर आहे, शेती आहे, गाईगुरं आहेत. पर्यटक नसले तरी हे बेट जगेल, आणि तेच मला आवडलं.

मुख्य गावाला होरा म्हणतात. पाटीवर इंग्रजीत वाचलं की ‘चोरा’ वाटतं. आई म्हणाली, “चोरात राहायचं का एकवीस दिवस?” आम्ही राहिलो गावाच्या मागच्या बाजूला, एका आजींच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत. ग्रीकमध्ये आजीला ‘याया’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. खोलीच्या भाड्याखेरीज दर रात्रीचा सरकारी कर वेगळा असतो आणि तो तिथे गेल्यावर भरावा लागतो. बुकिंगच्या रकमेत तो धरलेला नसतो, हिशोबात धरा. दुपारी तीन ते साडेपाच शांततेची वेळ असते, मोठ्याने बोलायचंही नाही. मी पुण्याची, मला हे समजावून सांगावं लागलं नाही. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद असतात.

त्या उन्हाळ्यात बेटावर पाण्याची टंचाई होती. फानेरोमेनीचं धरण आटलं होतं, बटाट्याचं पीक निम्म्यावर आलं होतं, आणि समुद्राचं पाणी गोडं करायची फिरती यंत्रं आणून बसवली होती. याया नळ दाखवत खुणेने सांगू लागल्या, जपून. आई लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा ती तिथेच होती. तिने न बोलता बादली मागून घेतली, भाजी धुतलेलं पाणी यायांच्या तुळशीला घातलं. हो, तुळस. प्रत्येक दारात कुंडीत तुळशीची चुलतबहीण असते, बारीक पानांची. तिला ‘वासिलिकोस’ म्हणतात, चर्चमध्येही वापरतात, पण तिथले जुने लोक जेवणात फारशी घालत नाहीत. आईला यात काहीच नवल वाटलं नाही.

पिण्यासाठी आम्ही बाटलीचंच पाणी घेतलं. बंदरावर, टपरीवर अर्ध्या लिटरच्या बाटलीचा भाव सरकारने ५० सेंट बांधून दिलेला आहे. कुणी जास्त मागितले तर पुढच्या टपरीवर जा.

आता खाण्याचं, कारण शाकाहारी मंडळी पहिला प्रश्न तोच विचारतात. आई पूर्ण शाकाहारी, त्यात ५ ऑगस्टला श्रावण लागला. मी घाबरून वीस पाकिटं रेडी पोहे नेले होते, त्यातली चौदा परत आणली. योग असा की १ ते १४ ऑगस्ट हा ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचा उपास असतो, १५ ऑगस्टच्या मरियमच्या सणाआधीचा. मांस नाही, मासे नाहीत, दूध-अंडीही नाहीत. अशा पदार्थांना ‘निस्तिसिमो’ म्हणतात. हा शब्द पाठ करा, पण त्याच्यावर आंधळा भरवसा ठेवू नका. ज्यांना रक्त नाही असे समुद्रातले प्राणी या उपासाला चालतात. माझ्यासमोर ‘निस्तिसिमो’ भात आला तो कालवांसकट. पुढे मी ‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी, होरिस थालासिना’ असं सलग म्हणू लागले: मांस नको, मासे नकोत, समुद्रातलं काही नको. आणि कडक शाकाहारी असाल तर तिथलं ग्राव्हिएरा चीजही सोडावं लागेल, त्यात वासराच्या जठरातलं विरजण असतं. लेकीने ते सोडलं नाही, मीही नाही.

बिनधास्त मागवा: फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल, आईने त्यात लसणाची फोडणी हवी होती असा शेरा दिला), गिगान्तेस (पावट्याहून मोठे पांढरे दाणे, टोमॅटोत भाजलेले), ब्रिआम (भाजलेल्या मिश्र भाज्या), फासोलाकिया (टोमॅटोत शिजवलेली फरसबी). गेमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या. बहुतेक ठिकाणी भाताचं सारण असतं, कधी खिमा, म्हणून विचारा. आणि नाक्सोसचे तळलेले बटाटे! टंचाईने महाग झाले होते, तरी रोज खाल्ले.

पण खरा सोहळा झाला तिसऱ्या दिवशी. होराच्या गल्लीत एका खानावळीत ‘होर्ता’ मागवली. होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी, लिंबू आणि तेल घालून. उन्हाळ्यात ती ‘व्लिता’ची असते. ताट आलं, आईने एक देठ उचलला, नखाने सोलला, वास घेतला आणि म्हणाली, “अगं, हा तर तांदुळजा.” मग टोमॅटोच्या सॅलडमध्ये जाड, तुकतुकीत, तांबूस देठांची बारकी पानं दिसली. “आणि ही घोळ! आमच्याकडे रानात पडलेली असते, हे लोक पैसे घेऊन वाढतात?” ग्रीकमध्ये घोळीला ‘ग्लिस्त्रिदा’ म्हणतात. आई थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. आतल्या बाईने हातातली जुडी दाखवली, आईने मान डोलावली, दोघींनी एकमेकींना काहीतरी सांगितलं, आपापल्या भाषेत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाजारातून व्लिता आणायला लागलो, आणि श्रावणी सोमवार सुटला तो तांदुळज्याच्या भाजीवर आणि खोलीतल्या कुकरच्या भातावर.

भाषेचं एक सांगून ठेवते. ग्रीकमध्ये होकाराला ‘ने’ म्हणतात, नकाराला ‘ओही’. आपल्याला ‘ने’ ऐकलं की नाही वाटतं, हिंदीवाल्यांना तर नक्कीच. नकारासाठी तोंडाने न बोलता भुवया वर करून ‘च्’ असाही आवाज काढतात, तो मात्र आपल्याला लगेच कळतो.

बघायचं काय? बंदराजवळच्या टेकाडावर पोर्तारा, अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा. इसवी सनपूर्व सहाव्या शतकातला, सहा मीटरच्या आसपास उंच. देवळाचे बाकीचे दगड पुढे लोकांनी आपल्या बांधकामांना नेले, चौकट तेवढी उभी राहिली. सूर्यास्ताला तिथे जत्रा असते. सकाळी सातला जा, तुम्ही आणि वारा. वर गावात १२०७ साली आलेल्या मार्को सानुदो या व्हेनिसच्या सरदाराचा कास्त्रो, म्हणजे कोट. दुपारी त्या गल्ल्यांत सावली असते, तेवढंही पुरे.

आतल्या गावांना बसने जाता येतं. तिकीट बहुतेक वेळा आधी काढावं लागतं, ड्रायव्हर देत नाही. वेळापत्रक बंदरासमोरच्या कचेरीबाहेर लावतात, फोटो काढून ठेवा. आपिरांथोसचे रस्तेही संगमरवरी फरशांचे, मऊ तळव्याच्या चपला घालून आईची दोनदा घसरगुंडी होता होता वाचली. १९४१ साली अथेन्सच्या अक्रोपोलिसवरून नाझी झेंडा उतरवणाऱ्या दोघा तरुणांपैकी मानोलिस ग्लेझोस याच गावचा. जवळच्या डोंगरात कुरुंदाच्या खाणी आहेत आणि तो दगड मुत्सुना बंदरात उतरवणाऱ्या रोपवेचे खांब अजून उभे दिसतात. झासचा डोंगर (हजार मीटरला चार-पाच जास्त) मी आणि लेकीने आय्या मरिना देवळाकडून चढला. पहाटे निघा, वाटेत सावली नाही, प्रत्येकी दीड लिटर पाणी न्या.

उत्तरेच्या आपोलोनासला जायला गाडी भाड्याने घेतली. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घरूनच काढून न्या. पेट्रोलपंप बहुतेक होराच्या आसपासच आहेत, टाकी भरूनच निघा. परतीच्या घाटात काटा लाल झाल्यावर ही माहिती मिळवण्यात मजा नाही. आपोलोनासला डोंगराच्या उतारावर एक कुरोस, म्हणजे प्राचीन दगडी पुतळा, आडवा पडलाय, साडेदहा मीटरहून लांब, खाणीतच अर्धवट कोरून सोडून दिलेला. दाढी ओळखू येते, पाय ओळखू येतात. आई त्याच्या शेजारी कठड्यावर बसली आणि म्हणाली, “याला उठवायला कुणी आलंच नाही होय?”

समुद्र: पोहता न येणाऱ्यांसाठी आय्योस येओर्गिओस, गावातून चालत जाता येतं आणि बरंच आत गेलं तरी पाणी कमरेएवढं. आय्योस प्रोकोपिओसला खोली लवकर येते. प्लाकाचा किनारा लांबच लांब, त्याच्या दक्षिण टोकाकडे काही लोक कपड्यांशिवाय असतात. हे आईला आधी सांगायला विसरले. तिने पदर सारखा केला आणि समुद्राकडे तोंड करून बसली, एवढंच.

आणि वारा. ऑगस्टात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वाहतो, कधी सलग चार-पाच दिवस. त्याने उकाडा कमी होतो, पण वाळू तोंडावर येते आणि बोटी बंद होतात. वाऱ्याचा जोर बोफोर्टमध्ये सांगतात. टीव्हीवर “आठ बोफोर्ट” ऐकून आई म्हणाली, “इथेपण बोफोर्स?” जवळच्या कूफोनिसिया बेटांवर जायची आमची छोटी बोट दोनदा रद्द झाली, शेवटी तो बेत सोडला. वेगवान कॅटामरान आधी बंद होतात, मोठ्या जड बोटी सगळ्यात शेवटी. म्हणून मोठ्या बोटीचंच तिकीट घ्या. स्वस्तही असतं, आम्हाला माणशी ४५ युरोच्या घरात पडलं, वेळ पाच-साडेपाच तास. परतीच्या विमानाआधी किमान एक रात्र अथेन्समध्ये ठेवा, जमल्यास दोन. बेटावरून सकाळी निघून संध्याकाळचं विमान धरायचा बेत ऑगस्टात करू नका. १५ ऑगस्टच्या आगेमागे तर सगळा देश बेटांकडे निघालेला असतो, तिकिटं महिने आधी काढा.

१५ ला आम्ही फिलोती गावच्या जत्रेला गेलो. चौकात व्हायोलिन आणि लाउतो (तिथलं तंतुवाद्य), लांबच लांब टेबलं, रात्री दहाला कुठे जेवणं सुरू. आपल्याकडे स्वातंत्र्यदिन म्हणून लेकीने शेजारच्या पोरांना जिलेबीचे फोटो दाखवले.

१७ ला सकाळी बॅगा खाली उतरवल्या. यायांनी अंजिरांची पिशवी पुढे केली, खाली ओलसर कागद, वर पिकून फुटलेली काळी अंजिरं. आई हात हलवत, “अहो नको, नको, कशाला.” याया हसत मान डोलावत, पिशवी तिच्या हातात कोंबत, “ने, ने!” आई माझ्याकडे वळली. “ने म्हणतायत तर नेऊया की.”