चापडगावची वही
आज नांदूरमध्यमेश्वरला, चापडगावात, हवामानबदलावर बोलायला गेलो होतो. गोदावरी-कादवा संगमावरचं हे पाणथळ म्हणजे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा), त्याचंच कौतुक स्लाइडवर भरून नेलेलं. तिसऱ्या स्लाइडला लाइट गेली. (बरंच झालं!) मग एक द्राक्षबागायतदार बाबाच बोलायला लागले. फुलोऱ्यात पाऊस आला की डावणी रोग, मण्यांत गोडी उतरल्यावर आला की मणी तडकतात. "बदल आम्हाला काय सांगता? तुमचे आकडे द्या, आमच्या तारखा घ्या." आणि त्यांनी छाटणी-फवारणीची वही पुढे केली, मोरचुदाचे निळे डाग पडलेली. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात, 'चक्रवाक आले.' हिवाळ्यात येणाऱ्या या पाहुण्या बदकांची नोंद, दरवर्षी, तारखेसकट! पुढचे दोन तास मी नुसतं उतरवून घेत होतो.