मंडई, मोहफुलं आणि रात्रभराचं नाटक

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीचा धानपट्टा म्हणजे झाडीपट्टी. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं लागतात, घरोघरी पाहुणे उतरतात आणि रात्री नाटक होतं. यंदा अर्जुनी मोरगाव तालुक्यात मित्राच्या गावी पूर्ण दिवस-रात्र राहिलो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी वडशाला जा. कागदोपत्री नाव देसाईगंज, पण तिकडे सगळे वडसाच म्हणतात. नागपूरहून ब्रह्मपुरीमार्गे एसटी आहे, गोंदिया-बल्लारशा रेल्वेही इथूनच जाते. नाटक कंपन्यांची कार्यालयं याच गावात आहेत आणि कुठल्या तारखेला कुठे प्रयोग, ते बाहेरच्या फलकांवर वाचता येतं. तारखा टिपा, मगच गाव ठरवा. मंडई हुकली तरी होळीपर्यंत प्रयोग चालतात. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल त्या गावीही रात्री बहुधा नाटक असतंच.

मित्राच्या आईनं, काकूंनी, डबा उघडून मूठभर वाळलेली मोहफुलं हातावर ठेवली. तपकिरी, सुरकुतलेली, बोटांना चिकटणारी. चैतात पहाटे झाडाखाली पडलेली वेचायची, उन्हात वाळवायची आणि वर्षभर पुरवायची. आतले केसर काढून त्यांनी ती मंद आचेवर परतली, तीळ घालून उखळात कुटली आणि कोमट असतानाच लाडू वळले. चव मनुक्यासारखी, मागून जरा उग्र. "मोह म्हनजे दारूच नाही, बापू. आमी लहानपनी उपाशी दिवस याच्यावरच काढले," काकू म्हणाल्या. लाडू हातात धरून मी बराच वेळ तसाच बसलो होतो.

दारूचं स्पष्टच सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या आंदोलनातून 1993 पासून दारूबंदी आहे आणि वडसा याच जिल्ह्यात येतं, तेव्हा गाडीत बाटली नकोच. हातभट्टी कुठेही बेकायदाच. कोणी प्रेमानं पुढे केली तर हात जोडा आणि लाडू मागा. घरातल्या बाया मनापासून खूश होतात.

नाटक धान कापलेल्या बांधीत होतं. प्रेक्षकांची जागा खोलगट, मंच मातीचा भराव घालून उंच केलेला. मंचासमोर वाजवणारे, त्यांच्याजवळ संहिता धरून प्रॉम्प्टर. साडेदहाला पडदा उघडला. याच रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागाला किती आनंद झाला असेल ते तिथं बसल्यावर उमगतं. मोबाईलवर हवा तो सिनेमा मिळत असताना चार-पाच गावची माणसं तिकीट काढून थंडीत बसतात.

तीनच्या सुमारास थोरला भाऊ धाकट्याला घराबाहेर काढतो, असा प्रसंग आला. प्रॉम्प्टरचा आवाज आमच्यापर्यंत येत होता, वाक्य दोनदा कानावर पडत होतं, तरी शेजारची म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. मी कुडकुडतोय हे तिच्या लक्षात आलं. काही न बोलता तिनं अर्धी घोंगडी माझ्या गुडघ्यांवर ओढली. त्यानंतर गाणं लागलं आणि मागून "वन्स मोर"चा एकच गलका झाला.

मध्येच उठून जाऊ नका. पहिल्या दोन तासांत विनोद आणि गाणीच जास्त असतात, गोष्ट मध्यरात्रीनंतर घट्ट होते. खुर्चीपेक्षा पुढची खाली बसायची जागा घ्या. घोंगडी, कानटोपी, टॉर्च आणि पाणी बरोबर असू द्या. फ्लॅश मारू नका, चित्रीकरण करायचं तर कंपनीला आधी विचारा. गावात लॉज नसतो. ओळख नसेल तर मुक्काम वडशात किंवा अर्जुनीत ठेवा. ओळख असेल तर जेवायला नाही म्हणू नका, मंडईच्या दिवशी पाहुणा उपाशी गेलेला घराला सहन होत नाही.

प्रयोग संपला तेव्हा पाच वाजून गेले होते आणि बांधीवर दाट धुकं होतं. अशा वेळी समोरून येणारी बैलगाडी दिसत नाही. स्वतः गाडी चालवणार असाल तर मित्राच्या ओसरीवर दोन तास झोपा आणि ऊन पडल्यावरच निघा.