आमची वाटचाल: एक ट्रॉली शेण आणि मामींच्या दोन बादल्या

विट्याच्या आसपास कोंबडीवाले ढिगानं आहेत. गांडूळखतही घरोघरी होतं. आम्ही उलटं केलं. कोंबड्यांच्या खाद्यासाठी गांडूळ हाच माल, खत वरकमाई. लोक हसले. 2021 च्या पावसाळ्यात कोंबडीखाद्यात प्रथिनांसाठी घालतात ती सोयापेंड किलोला 80 रुपयांच्या पुढं गेली, केंद्राला 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली, तेव्हा तेच लोक शेडवर चहाला यायला लागले. वाळल्या गांडुळात 60 टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, हे आम्ही आधीपासून सांगत होतो. पण 5-6 किलो जिवंत गांडुळं वाळवली की पावडर पडते किलोभर. नवीन माणूस हा हिशोबच करत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक ट्रॉली शेण घेतलं, बेडांत म्हणजे गांडुळांच्या वाफ्यांत घातलं आणि फसलो.

पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर गांडुळं गोणपाटावर, विटांच्या काठावर, खाली फरशीवर गुंता होऊन पडलेली. बेडमध्ये कोपरापर्यंत हात घातला. गार. गरम लागला असता तर कच्चं शेण गेलं म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या असत्या. हे तर महिनाभर मुरवलेलं. तिसऱ्या दिवशी वासानं शेडमध्ये उभं राहवेना. 22 पैकी 19 बेड गेले. गोठेवाल्यानं गोचिडाचं औषध मारून गोठा धुतला होता आणि ते पाणी उकिरड्यात सोडलं होतं. त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तेव्हा ट्रॉली उतरवायच्या आधी घमेलंभर शेणात 50 गांडुळं सोडा, दुसऱ्या दिवशी मोजा, मग पैशाचं बोला.

आमच्याकडंच 3 महिने शिकून गेलेल्या एकानं याच संधीत गिऱ्हाइकांना गाठलं. ‘त्यांची गांडुळं मेली, आता माती विकतात.’ आमच्याकडून नेलेल्या बियाण्याची, म्हणजे पैदाशीच्या गांडुळांची, उधारी त्याच्याकडं अजून बाकी आहे. त्याची पावडर ग्लासभर पाण्यात टाका, तळाला काय बसतं ते बघा! गांडुळाच्या पोटातली माती निघायला हवी. आम्ही रात्रभर ओल्या गोणपाटावर उपाशी ठेवतो, सकाळी धुऊन उकळत्या पाण्यातून काढतो. तो थेट काहिलीत. आणि जिवंत गांडुळं कोंबड्यांपुढं टाकायचा मोह आवरा, त्यातून जंत येतात.

लेंगऱ्याच्या मामींकडं 150 गावरान कोंबड्या. पावडरचं पहिलं पोतं त्यांनीच नेलं होतं, रोख. परसातल्या खतासाठी आमच्याकडूनच मूठभर बियाणंही नेलं होतं. आमची बातमी ऐकून एस्टीनं आल्या, दोन्ही हातांत झाकलेल्या बादल्या.

“मामी, किती द्यायचे?”

“तुमचीच हायती की. वाढली एवढंच.”

वाचलेल्या 3 बेडांशेजारी त्यातून 4 नवे भरले. आज 40 आहेत. बादल्या परत करायच्या राहिल्यात. त्यातली एक चाळणीखाली असते.