रिपोर्ट रात्री साडेनऊला येतो

आपल्याला मोठा आजार झालाय या सततच्या भीतीवर मी घेतलेल्या उपचारांबद्दल हे. आधी राग ओकून घेतो, मग कामाचं बोलतो. रक्ताचा रिपोर्ट हल्ली थेट मोबाइलवर येतो, आणि येतो तो नेमका रात्री साडेनऊला. डॉक्टर भेटणार दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. मधले साडेतेरा तास तुम्ही आणि ठळक छापलेला, शेजारी बाण काढलेला एक आकडा. खाली ओळ असते : ‘क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’. म्हणजे नुसत्या आकड्यावर जाऊ नका, पेशंटला तपासून डॉक्टरांनी अर्थ लावावा. पण आजाराच्या धास्तीने आधीच पोखरलेला माणूस ती ‘काहीतरी आहे, पण आम्ही बोलणार नाही’ अशी वाचतो. मीही तशीच वाचायचो.

उपचाराच्या बाकीच्या टप्प्यांवर लिहिण्यासारखं फारसं नाही. फॅमिली डॉक्टरांनी एकदा नीट तपासलं, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी करून घेतला. हे एकदा करायलाच हवं, कारण थायरॉइड जास्त काम करत असेल किंवा रक्त कमी असेल तरी छाती धडधडते. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी. पूर्वी या भीतीला हायपोकॉन्ड्रिया म्हणत. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, ते नाव गेलं, आता इलनेस अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. निकषांपैकी एक असा, की आजाराची ही चिंता किमान सहा महिने टिकलेली हवी.

अडकलो ते रिपोर्टात.

कंसातली ‘नॉर्मल रेंज’ ठरते कशी, हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. बऱ्याच तपासण्यांमध्ये निरोगी माणसांचं रक्त तपासतात, आलेल्या आकड्यांतले मधले ९५ टक्के ठेवतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर काढतात. म्हणजे निरोगी माणसांतलेच पाच टक्के रेंजबाहेर असणार, हे गृहीतच आहे. आता ‘फुल बॉडी’ पॅकेज घ्या. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या असतील, तर पूर्ण धडधाकट माणसाचाही किमान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. पॅकेज जितकं मोठं, तितके बाण जास्त. म्हणून डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय पॅकेज घ्यायचं नाही. सवलतीत तर मुळीच नाही.

शिवाय आकडा हलायला आजारच लागतो असं नाही. सुईतून काढताना रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, मूठ आवळून धरली तरी तेच. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम केला तर स्नायूंतून रक्तात येणारं सीपीके चढतं आणि यकृताच्या रकान्यातलं एएसटीसुद्धा. काही लोकांचं काविळीत वाढणारं बिलिरुबिन नुसत्या उपाशीपोटी वाढतं. शरीरातल्या सुजेचा अंदाज देणारा ईएसआर वयाबरोबर वाढत जातो. डॉक्टर पहिली नजर टाकतात ती आकडा रेंजपासून किती लांब आहे आणि मागच्या वेळी किती होता यावर. आपण मात्र बाण बघतो आणि थेट शेवटच्या पायरीवर जाऊन उभे राहतो.

आणि नॉर्मल रिपोर्ट आला की सुटलो? खरी मेख तिथेच आहे. सुटकेचा श्वास दोन दिवस पुरतो, कधी दोन तास. मग ‘नमुना बदलला असेल तर?’, ‘ही तपासणी ते दाखवतच नसेल तर?’ पुढची तपासणी, पुढचा दिलासा, आणि तो आधीच्यापेक्षा लवकर उतरतो. दिलासा मिळाला की भीती उतरते, म्हणून मेंदू शिकतो की भीती उतरवायला दिलासाच लागतो. उपचारात मोडायची ती ही साखळी. आजार नाही हे सिद्ध करत बसलं की ती आणखी घट्ट होते.

मोडायची कशी, तर सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या उपचाराच्या, साधारण १२ ते १६ सत्रांत, आठवड्याला एक. बोलणं कमी, गृहपाठ जास्त. पहिला आठवडा नुसती मोजणी : गाठ चाचपली, नाडी धरली, लक्षण नेटवर शोधलं, घरच्यांना विचारलं, की कागदावर एक रेघ. मानेतली गाठ दिवसात तीसदा दाबली तर ती जागा दुखणारच, आणि दुखते म्हणून पुन्हा दाबली जाते. बारीक माणसाच्या मानेत वाटाण्याएवढ्या मऊ, सरकत्या गाठी एरवीही हाताला लागतात. दुसऱ्या आठवड्यात चाचपणी दिवसातून तीनदाच, ठरल्या वेळी. मग एकदा. मग आठवड्यातून एकदा. मधे हात शिवशिवतो, भीती चढते, पण बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरते. न तपासता ती उतरताना बघणं हाच व्यायाम. मुद्दाम दहा मिनिटं नाडी धरून बसणं हा व्यायाम नव्हे, हे तज्ज्ञांना मला दोनदा सांगावं लागलं.

घरच्यांचं राहिलंच. ‘काही नाही रे तुला’ हे वाक्य प्रेमाचं असलं तरी तोही दिलासाच. त्यांच्याशी आधी बसून ठरवा, शांत वेळी. मग विचारल्यावर उत्तर एकच : ‘याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. चल, फिरून येऊ.’ पहिले काही दिवस भांडणं होतात.

मरणाची भीती वेगळी हाताळावी लागते, कारण तिथे ‘तसं होणार नाही’ असं कुणीच लिहून देऊ शकत नाही. गृहपाठ असा : सगळ्यात भीती वाटते ते एका पानावर सविस्तर लिहायचं, शेवटी ‘कदाचित होईल, कदाचित नाही’ एवढंच, धीराचं वाक्य जोडायचं नाही. ते रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं. सुरुवातीला आवाज कापतो. काही आठवड्यांनी कंटाळा येतो, आणि कंटाळाच हवा असतो. पहिल्यांदा हे तज्ज्ञासमोर करावं. मृत्युपत्र, विम्याची कागदपत्रं, वारस नोंद वगैरे एकदाच उरकून कपाटात ठेवावं. रोज उघडून बघितलं तर तीही चाचपणीच.

गोळ्यांबद्दल : चिंता-नैराश्यावर देतात ती एसएसआरआय गटातली गोळी लागू पडायला काही आठवडे जातात, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत बेचैनी उलट वाढू शकते. बरेच जण तिथेच सोडतात. असं होत असेल तर आधी डॉक्टरांना फोन करावा. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नये, चक्कर आणि विजेचे झटके बसल्यासारखं होऊ शकतं.

एक सोडून चालणार नाही. छातीवर दाब येऊन घाम फुटला, चेहऱ्याची वा हातापायाची एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, रक्ताची उलटी झाली, तर यातलं काहीही लागू नाही, लगेच इस्पितळ. अंगावरची नवी गाठ, विनाकारण घटणारं वजन यासाठी डॉक्टरांची वेळ घ्यावी, पण एकाच डॉक्टरांची. किरकोळ दुखण्याला मी दोन आठवडे देतो, तारीख कॅलेंडरवर लिहून. आजवर बहुतेक तारखा येईपर्यंत दुखणं कुठलं होतं तेच आठवत नाही.

रिपोर्टाचंही जमवलं. आता लॅबच्या काउंटरवर सांगतो : मोबाइलवर पाठवू नका, छापील प्रत डॉक्टरांकडे द्या. काउंटरवरची मुलगी दर वेळी विचारते, ‘नक्की ना सर?’