तुम्ही विचारलंत म्हणून: दम लागतो म्हणजे नक्की काय होतं?

दादरच्या पुलावर मी अर्ध्यात थांबून मोबाईल काढते ना, तेव्हा मेसेज बिसेज काही आलेला नसतो. दम खाते मी. आणि सोबत कोणी असलं की वर पोचल्यावर हमखास विचारतं, एवढा दम लागतो म्हणजे नक्की होतं काय गं तुला?

तर वजन १३१ किलो, उंची पाच फूट दोन, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ५२च्या वर, आणि ४० पासूनच तीव्र लठ्ठपणा धरतात. हवा कमी पडते असं नाही वाटत मला. हवा आत जाते, पण समाधान होत नाही, जेवूनही भूक राहावी तसं. पोट आणि छातीवरची चरबी दाबत असते त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरायला हवी तेवढी हवा उरतच नाही, मग प्रत्येक श्वासाला छाती उचलायची मेहनत जास्त, आणि ती मेहनतच जाणवते. सँडलचा पट्टा लावायला वाकले तर अजून वाईट, पोट फुप्फुसांखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं, मी श्वास धरून पट्टा लावते आणि मग धापा टाकते. गंमत म्हणजे बोटाला ऑक्सिमीटर लावला की ऑक्सिजन ९७ टक्के, म्हणजे नॉर्मल. बघणाऱ्याला वाटतं नाटकं करते.

पण खरं सांगू, खोटं मीही बोलते. हॉस्पिटलमध्ये सहा मिनिटं चालवतात, मग शून्य ते दहापैकी दम किती लागला ते विचारतात, बोर्ग स्केल म्हणतात त्याला. पहिल्या वेळी घामाने निथळत असताना मी 'तीन' म्हणाले. सात होता. लाज वाटली, दुसरं काय, आणि थोडं असंही की इतकी वर्षं हेच चाललंय तर हाच नॉर्मल असेल. तुलना कशाशी करणार?

आणि दम कमी लागला म्हणजे सगळं छान असंही नाही बरं का. माझा मामा माझ्याहून जाड, दमाची तक्रार कधीच नाही, फक्त ताटावर बसल्या बसल्या झोपायचा. आम्ही हसायचो. तपासलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलेला, काही जणांच्या मेंदूला त्याची सवयच होऊन जाते म्हणे, त्यामुळे श्वास वाढव असा निरोपच नीट जात नाही. आता रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावून झोपतो आणि दुपारी जागा राहून आम्हाला शिव्या घालतो.

परवा मी परत चालले आणि या वेळी सरळ सात सांगितलं. टेक्निशियन मुलगी म्हणाली, "अहो ताई, मग मध्ये थांबायचं ना, थांबलेलं चालतं, सुरुवातीलाच सांगितलं होतं की." सांगितलं असेलही. मी तेव्हा कॉरिडॉरमध्ये बसलेल्या लोकांकडे बघत होते, कोण माझ्याकडे बघतंय ते.